मुलगा अस्तित्वात नाही

आमच्या भाऊंनी एकदा शाहपुऱ्याच्या तलावाजवळच्या गाडीवर शून्य प्लेट पोहे मागितले होते. मी शेजारीच उभा होतो. माझी प्लेट नुकतीच हातात आली होती, वर शेव, बाजूला जिलबी. गाडीवाल्याने झारा थांबवला आणि भाऊंकडे पाहिलं. भाऊंच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. तो म्हणाला, "को खाँ, ज़ीरो प्लेट का कुछ नहीं लगेगा, पर जगह तो आपने पूरी घेर रखी है." भाऊंनी समाधानाने मान हलवली आणि मला म्हणाले, "पक्का माणूस आहे. शून्य झेलते." मग त्यांनी उणे एक प्लेट मागितली. गाडीवाल्याने क्षणभर विचार केला आणि माझ्या हातातली प्लेट काढून घेतली.

भाऊ म्हणजे आमच्या ऑफिसातले टेस्टिंगचे प्रमुख. त्यांचं खरं नाव मी सांगत नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटणार नाही. नाव ही माणसाची सगळ्यात बेभरवशाची खूण आहे असंच ते म्हणत. ऑफिस म्हणजे तरी काय, साड्यांच्या दुकानावरचे दोन मजले. खाली फॉल-पिको, वर सॉफ्टवेअर. कंपनीचं मुख्य ऑफिस नोएडाला. आम्ही भोपाळचे म्हणजे माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखे, वापरात नाही आणि टाकवतही नाही. आमचं काम दुसऱ्यांनी बनवलेल्या वेबसाइट तपासायचं. माणसाने बसून एकेक बटन दाबून बघण्याऐवजी एक प्रोग्राम लिहायचा. तो माणसासारखा पान उघडतो, रकाने भरतो, बटनं दाबतो. सगळं ठीक असेल तर हिरवी खूण, नाहीतर लाल. आळशी माणसाने दुसऱ्या आळशी माणसाची केलेली ही सोय मला पहिल्या दिवसापासून पटली. मी त्यात पन्नाशीपर्यंत टिकलो, यावरून काय ते समजा.

भाऊंचे आजोबा नागपूरचे. राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा कचेरीच्या फायली हलल्या, आणि फायलींबरोबर आजोबाही हलले. भाऊ जन्मले, वाढले भोपाळात, पण घरात नागपुरी बोलणं तसंच राहिलं, त्यात इथली हिंदी मिसळली. माझे वडील पुण्याहून कारखान्यातल्या नोकरीवर आले होते. आमच्या घरी मराठी जपून वापरतात. भाऊ मला म्हणायचे, "तुमची मराठी इस्त्री करून आलेली असते. घालून बसता येत नाही."

तपासणं हा त्यांचा धंदा होता की आजार, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीत जाऊन त्यांनी भोपाळहून भोपाळला जाणारी गाडी विचारली होती. आतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "वो तो निकल गई." भाऊ आठवडाभर त्या बाईंचं कौतुक करत होते. लिफ्टमध्ये ते आधी सगळी बटनं एकदम दाबत आणि मग जिन्याने वर येत. लिफ्टचं काय होतं ते बाहेरून दिसतं, आतून नाही, असं त्यांचं म्हणणं. वहिनींना पाहायला गेले तेव्हा त्यांनी वहिनींना एकच प्रश्न दोनदा विचारला होता, अर्ध्या तासाच्या अंतराने, उत्तर तेच येतं का ते बघायला. स्वयंपाक येतो का, असा प्रश्न. वहिनींनी पहिल्यांदा हो सांगितलं आणि दुसऱ्यांदा नाही. भाऊंनी तिथल्या तिथे लग्न ठरवलं. वहिनींना मी एकदा विचारलं, असं का केलंत? त्या म्हणाल्या, "मलाही बघायचं होतं, हा माणूस ऐकतो की नुसता विचारतो."

आता बटनांबद्दल थोडं सांगावं लागेल. घाबरू नका, मलाही एवढंच कळतं. वेबसाइटच्या पानावरच्या प्रत्येक बटनाला आतून एक लपलेली ओळख असते. आपल्याला बटनावर 'जमा करा' असं दिसतं, प्रोग्रामला दिसतो 'बटन एकतीस'. पूर्वी पान बनवणारा माणूस ही ओळख स्वतः देई. हल्ली पानं यंत्र बनवतं आणि ओळखही यंत्रच वाटतं, वरून खाली, आलं त्याला पुढचा आकडा. पंगतीत सगळे बसले आहेत, आणि कोणाचे तरी मेव्हणे उशिरा येऊन मध्येच घुसतात, तेव्हा कसं पुढचे सगळे एकेक पान सरकतात? तसंच. वर एक नवीन बटन आलं की खालच्या सगळ्यांचे आकडे एकाने सरकतात. वाढप्याला 'एकतिसाव्या पानाला मीठ वाढू नको, त्यांना रक्तदाब आहे' असं सांगून ठेवलं असेल, तर मीठ भलत्याच्याच पानातून जातं, आणि रक्तदाबवाले खूश होतात.

म्हणून भाऊ बटन आकड्याने कधीच शोधत नसत. शेजारपाजारावरून शोधत. 'आईचे नाव' या रकान्याच्या खाली, 'मागे जा'च्या उजव्या हाताला, ज्यावर 'जमा करा' लिहिलंय ते. असं लिहायला वेळ लागे. पण भाऊ म्हणत, भोपाळात नंबरावरून कोणाचं घर सापडलंय? कोटरा सुल्तानाबादला आमच्या घरी यायचं तर टाकीपासून उजवीकडे, पिठाच्या गिरणीसमोर, जिथे एक म्हातारी बाई गेटात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोकते, ते घर. ती म्हातारी बाई माझी आई. या पत्त्यावर आमच्याकडे सगळी पत्रं पोचतात.

हाच न्याय ते माणसांना लावत. मी त्यांना 'खिडकीवाले' होतो. माझी जागा बदलली तेव्हा मी 'कूलरवाले' झालो, आणि खिडकीजवळ नव्याने बसलेल्या माणसाला माझी जुनी कामं सांगितली जाऊ लागली. मी दोन-तीन दिवस हे चालू दिलं. कामं बरीच होती.

हिरवी खूण दिसली की इतर लोक चहा मागवतात. भाऊ उदास होत. सगळं हिरवं म्हणजे आपण भलतंच काहीतरी तपासून राहिलो, असं म्हणून ते खुर्ची पुढे ओढत.

तर ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी भोपाळचं ऑफिस बंद करायची चर्चा नोएडात सुरू झाली. तिकडून एक तरुण मॅनेजर आले, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. त्यांनी पहिल्याच बैठकीत स्वच्छ सांगितलं की आता हातात आहे ते एक काम नीट झालं तर ऑफिस राहील, गिऱ्हाईक नाराज झालं तर बंद. ज्यांना यायचं त्यांनी नोएडाला यायचं. मी घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "जा ना. आधी मला पोचव आणि मग जा." कुठे पोचवायचं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. बायकोची शाळेतली नोकरी, मुलगी कॉलेजात, गेटात आई. मला भोपाळ सोडणं शक्य नव्हतं. माझं सगळं त्या एका कामावर आलं.

ते काम होतं वधूवर मंडळाच्या वेबसाइटचं. मध्य प्रदेशात विखुरलेली मराठी घरं, इंदूर, ग्वाल्हेर, सागर, जबलपूर, या सगळ्यांची स्थळं जमवणारं एक मंडळ इंदुरात होतं. त्याचे मालक म्हणजे जाड काचांचा चष्मा घातलेले, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांना त्यांची रजिस्टरं वेबसाइटवर हवी होती. तपासण्यासाठी एक वेगळी, नकली वेबसाइट ठेवू द्या, अशी विनंती भाऊंनी त्यांना केली. मालक दुखावले. माझं असली असताना मी नकली कशाला ठेवू, असं म्हणाले. साहेबांनी लगेच मान डोलावली.

तपासायला एक खोटा मुलगा लागणार होता. तो भाऊंनी तयार केला, आणि त्यांच्या पद्धतीने केला. नाव अबक, आडनाव कखग. कुठल्याही अटीत अडकू नये म्हणून वय मधलं, उंची मधली, पगार सगळ्यात वरचा. पत्ता भरायचाच होता म्हणून चार इमली. तिथे सगळे अधिकाऱ्यांचे बंगले, म्हणजे पत्ता खोटा वाटायचा नाही. शून्य चालतं का हे बघायला बहिणी शून्य, भाऊ शून्य. रिकामा रकाना चालतो का हे बघायला आईचं नाव रिकामं. अर्धवट फोटो चालतो का हे बघायला फोटो खांद्यापासून खालचा. तुम्ही जरा मुलीच्या बाजूने वाचून पाहा. चार इमलीत बंगला, सगळ्यात वरचा पगार, सासू नाही, नणंद नाही. असं स्थळ मराठी समाजात आजवर आलेलं नाही.

साहेबांना भाऊंचं शेजारपाजार शोधणं फार संथ वाटे. त्यांनी एक साधन आणलं. आपण एकदा हाताने बटनं दाबायची, साधन ती लक्षात ठेवतं आणि मग रोज तशीच दाबतं. लक्षात ठेवतं ते अर्थात आकड्याने. भाऊंनी विरोध केला. साहेब हसून म्हणाले, "नंबर से ही तो दुनिया चलती है, भाऊसाहब." मला हुकूम झाला, मी बसून बटनं दाबली. मुलींची माहिती एकामागून एक उघडते का, एवढं तपासायचं होतं. 'पुढचं स्थळ' हे बटन दाबायचं, पान उघडलं की परत दाबायचं. सोपं काम. दुपारी चहाच्या आधी झालं.

दुसऱ्या दिवशी पान बनवणाऱ्या मिश्रा मॅडमनी मालकांच्या आग्रहावरून अगदी वर एक नवीन बटन घातलं, 'मंगळ आहे का?' म्हणजे मेव्हणे आले आणि पंगत सरकली. 'पुढचं स्थळ' एकाने खाली गेलं, आणि त्याच्या जागी त्याच्या वरचं बटन आलं. ते बटन होतं 'पसंती कळवा'.

पसंती कळवली की पान आपोआप पुढच्या स्थळावर जायचं, ही मिश्रा मॅडमची हुशारी. त्यामुळे आमच्या साधनाला काहीच खटकलं नाही. बटन दाबलं, पुढची मुलगी आली. दाबलं, पुढची आली. सगळं हिरवं. साहेबांनी नोएडाला कळवलं आणि समोसे मागवले. भाऊ उदास चेहऱ्याने समोसा खात पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी समोसा खाली ठेवला आणि मला म्हणाले, "कूलरवाले, याने सगळ्यांना पसंत केलं."

मध्य प्रदेशातली एकही मराठी मुलगी सुटली नव्हती.

उत्तरं यायला दुसऱ्या दिवशीच सुरुवात झाली. आमचा होकार आहे. पत्रिका पाठवत आहोत. मुलाचं फोटोत डोकंच दिसत नाही, पण साधा असावा असं वाटतं. ग्वाल्हेरच्या एका काकूंनी लिहिलं होतं की कखग हे आडनाव ऐकण्यात नाही, पण मूळचे झाशीकडचे असाल, तिकडे आडनावं वेगळी असतात. एका घरी पेढे वाटून झाले होते.

साहेबांनी दार लावून घेतलं आणि आम्हाला सांगितलं की मुलगा गुपचूप काढून टाका, कोणाला काही कळवू नका. मालकांच्या कानावर गेलं की काम गेलं, आणि काम गेलं की ऑफिस. भाऊ म्हणाले, होकार आलाय, पेढे वाटलेत, आणि मुलाकडचे गप्प बसणार? असं कोणी करते का? साहेब म्हणाले, सब यही करते हैं. ते खरंही होतं. नापसंत असलं की मुलाकडचे गप्पच बसतात, आणि मुलीकडचे वाट बघतात. पण भाऊ म्हणाले, मुलगा मी केलेला आहे, तेव्हा मुलाकडचा मी. नकार मीच कळवीन.

मी भाऊंना जिन्यात गाठलं. माझ्या आईबद्दल सांगितलं, मुलीचं कॉलेज सांगितलं. नोएडाच्या थंडीत माझे गुडघे कसे धरतात तेही सांगितलं, मी तिकडे कधी गेलेलो नसतानाही. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं समजते मला. पण त्या घरांत लोक फोनकडे बघत बसले आहेत. तुमच्या नोकरीसाठी त्यांना किती बसवायचं, तेवढं तुम्हीच सांगा. मी तितकं थांबतो." मी जिन्यात बाजूला सरकून त्यांना वाट दिली. त्यांनी माझ्याच टेबलावर बसून फोन लावायला सुरुवात केली. कूलरचा आवाज होता, दार बंद होतं, साहेबांना ऐकू जाणार नव्हतं.

पहिलीच अडचण आली ती आपण कोण हे सांगण्याची. "मी मुलाकडून बोलतो," भाऊ म्हणाले. "मी त्याचा... म्हणजे त्याला मीच केला." पलीकडून विचारलं गेलं असावं, वडील का? "तसं म्हणा," भाऊ म्हणाले, आणि घाम पुसला.

खरी अडचण त्याच्या पुढची. भाऊ सांगत होते ते सरळ सत्य होतं, की हा मुलगा अस्तित्वात नाही, तो तपासणीसाठी केलेला आहे. आणि ते कोणीच मानत नव्हतं. आपल्याकडे नकार कधी नकार म्हणून येत नाही. पत्रिका जुळत नाही, मुलाला एवढ्यात करायचं नाही, आजी आजारी आहे, असा येतो. त्यामुळे ऐकणारा लगेच आतला अर्थ शोधतो. इंदूरच्या एकांनी भाऊंना समजावलं की अहो, रंग उतरलेला वाटत असेल तर फोटो जुना आहे. देवासच्या बाई रडायलाच लागल्या, आमच्या मुलीच्या नशिबी असंच, म्हणाल्या. मग भाऊंनी वाक्य बदललं. ते सावकाश सांगू लागले की मुलीत काही खोट नाही, मी सगळी माहिती वाचली आहे, त्यांच्या कथकचं वाचलं, एम.एस्सी.चं वाचलं. खोट आमच्या मुलात आहे, आणि ती मोठी आहे, तो मुळात नाहीच. एवढ्यावर लोक थोडे सैल होत. काही जण उलट भाऊंचंच सांत्वन करत. होतं असं, म्हणत.

सागरच्या एका गृहस्थांनी मात्र ऐकलं नाही. ते कॉलेजच्या कचेरीतून निवृत्त झालेले होते आणि त्यांना कारण स्वच्छ हवं होतं. भाऊंनी फोन कानापासून लांब धरला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"अहो, आमच्या वेळी पत्रिका जुळत नाही म्हणायचे. तुम्ही सरळ मुलगाच नाही म्हणता? नापसंत असेल तर सांगा, आम्ही समजूतदार माणसं आहोत."

"नापसंत नाही हो. त्याने तर पसंती कळवली होती."

"मग आहे ना!"

"तो नाही. त्याची पसंती आहे."

"तुमच्यासाठी मी बँकेतल्या एका चांगल्या मुलाला थांबवून ठेवलंय. मी येतो भोपाळला. मुलगा मला स्वतः बघायचाय."

आणि ते आले. मुलीला घेऊन आले, सागरच्या चिरोंजीच्या, म्हणजे चारोळीच्या, बर्फीचा डबा घेऊन आले, बंद गळ्याचा कोट घालून आले. आले ते नेमके मंडळाचे मालक काम बघायला इंदुरहून आले होते त्या दुपारी. साहेब त्यांना जिन्यातच अडवायला धावले, पण गृहस्थांनी साहेबांनाच मुलगा समजून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांच्या हातात बर्फी ठेवली. साहेबांना मराठी येत नव्हती. त्यांनी ती खाल्ली.

मालकांनी विचारलं, ही मंडळी कोण? मी नोएडातल्या भाड्याच्या खोल्यांचा विचार करू लागलो. भाऊ म्हणाले, "हे मुलीकडचे. मुलगा बघायला आलेत. तुम्हीही बसा." आणि त्यांनी सगळ्यांना संगणकासमोर बसवलं. मिश्रा मॅडमनी आदल्या दिवशी भाऊंसाठी खऱ्या स्थळांची नक्कल घेऊन नकली वेबसाइट अखेर उभी केली होती, म्हणजे पुन्हा पेढे वाटले जाण्याची भीती नव्हती. भाऊंनी साधन सुरू केलं.

पडद्यावर रकाने आपोआप भरू लागले. अबक. कखग. चार इमली. पगार. बहिणी शून्य. गृहस्थ पुढे झुकून बघत होते. त्यांनी विचारलं, याचा हात कुठाय? भाऊ म्हणाले, हात नाही. मग मुलींची पानं येऊ लागली, आणि बटन दाबलं जाऊ लागलं. पसंत, पुढची, पसंत, पुढची. मध्येच त्यांची स्वतःची मुलगी आली, पदवी, नोकरी, आवडीनिवडी, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पसंत होऊन गेलीही. गृहस्थ मागे टेकून बसले. सगळं हिरवं झालं.

"एवढं सगळं चांगलं," ते म्हणाले, "आणि नेमका हाच नाही."

 मुलगी ओढणी सारखी करत उठली. "बाबा, यात नवीन काय आहे? खरे असतात तेही असंच करतात. वाचत नाहीत, दाबत सुटतात. निदान याच्याकडून नकार सांगायला माणूस तरी आला."

 साहेबांनी मालकांना इंग्रजीत काहीतरी समजवायला सुरुवात केली, मालकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. चष्मा काढून पुसला. मग भाऊंना विचारलं, "किती घरांना फोन केला?"

"सगळ्यांना."

"भांडलं कोणी?"

"रडले. भांडलं नाही कोणी."

मालक म्हणाले, स्थळं जमवणं सोपं आहे, ते तर आता हे बटन पण करतं. त्यांचं मंडळ अडतं ते नकाराशी. मुलाकडचे नकार कळवत नाहीत, मुलीकडचे वाट बघून थकतात आणि मग मंडळाच्या नावाने बोटं मोडतात. असा माणूस त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता, ज्याने नकार द्यावा आणि वर समोरच्याने त्याचीच समजूत घालावी. काम भोपाळलाच राहू द्या, ते साहेबांना म्हणाले, पण हे भाऊ मला द्या. साहेबांचं हो मालकांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच आलं होतं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याऐवजी दुसरा कोणी जाणार होता, आणि मला तो जाऊ नये असं वाटत होतं, आणि जावा असंही. भाऊ म्हणाले, जातो, पण अटी आहेत. बटनं आकड्याने शोधायची नाहीत, सगळं पुन्हा शेजारपाजारावरून लिहायचं, आणि ते कूलरवाल्यांनी लिहायचं. मग त्यांनी स्वतःच्या फोनवरून गृहस्थांना त्या बँकेतल्या मुलाचा फोन लावून दिला. तो अजून थांबलेला होता. तो कारण न विचारता थांबला होता, एवढ्यावरच मुलीने त्याला हो म्हटलं, असं पुढे बर्फीच्या दुसऱ्या डब्याबरोबर कळलं.

भाऊ मंडळात गेले आणि मी भोपाळात राहिलो. आई गेटातच आहे. मी वर्षभर बसून बटनांचे शेजारी लिहिले. भाऊंचं ऐकू येई अधूनमधून. मुलाकडच्यांना ते आधी कारण विचारत, खरं कारण, आणि ते मिळाल्याशिवाय फोन करत नसत. मुलाला आईला विचारल्याशिवाय निर्णय घेता येत नाही, असं कारण निघालं, तर मुलीकडे तेच सांगत. काही मुलाकडच्यांनी चिडून मंडळ सोडलं. मालकांनी त्यांना जाऊ दिलं.

मागच्या वर्षी आमच्या मुलीचं नाव आम्ही मंडळात घातलं. जबलपूरचं एक स्थळ आम्हा दोघांना फार आवडलं होतं. बायकोने मनातल्या मनात पाहुण्यांच्या खोलीचे पडदेही बदलले होते. रविवारी दुपारी फोन आला. मी उचलला.

"मी मुलाकडून बोलतो," पलीकडचा आवाज म्हणाला. तो आवाज मी ओळखला, आणि त्याने मला ओळखलं, पण आम्ही दोघांनी तसं दाखवलं नाही. कामाची रीत असते. भाऊ सावकाश बोलत होते. तुमच्या मुलीचं सगळं वाचलं, म्हणाले. ती सायकलवरून सांचीपर्यंत गेली होती, तेही वाचलं. मुलगा वाईट नाही. पण त्याला घरात स्वतःपेक्षा जास्त बोलणारं माणूस चालत नाही, असं त्याने मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना लाजला, एवढं त्याच्या बाजूने. या लग्नात तो सुखी झाला असता. तुमची मुलगी झाली नसती.

बायकोने तोवर फोन मोठ्या आवाजावर करायला लावला होता. मुलगी आतून येऊन दारात उभी राहून ऐकत होती. भाऊ बोलायचे थांबले तेव्हा घरात कोणाला वाईट वाटायचं सुचलंच नाही.

"नकार आहे ना हा?" बायकोने माझ्या कानात विचारलं. मी मान हलवली.

"मुलगा गेला तर गेला," ती म्हणाली, आणि माझ्या हातातून फोन घेतला. "अहो, तुम्ही जेवायला कधी येता?"